हिरड्यांतून रक्त का येते?

आपण दात घासतो, पण हिरड्यांकडे कोणी बघत नाही. माझ्या आजीचे चार दात पडले. ते किडलेले नव्हते, अख्खे होते. बांधावरची माती वाहून गेली की धडधाकट झाडसुद्धा पडते, तसे दातांचे होते. हिरडी आणि तिच्या आतले हाड ही दाताची माती आहे.

दातांवर रोज एक चिकट थर बसतो. त्यात जंतू असतात. ब्रशने तो निघतो. राहिला तर काही दिवसांत कडक होतो. त्याला किटण म्हणतात. ते ब्रशने निघत नाही. मग हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. ही पहिली पायरी. या वेळी उपचार केला तर हिरडी पूर्ण बरी होते. दुसऱ्या पायरीला आतले हाड झिजते व दात हलतो. याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

माझ्या आईच्या हिरड्यांतून रक्त यायचे, म्हणून तिने ब्रश सोडला व ती नुसती मिश्री लावायची. आम्ही तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी खुणांची बारीक सळई हिरडी व दाताच्या फटीत घालून मोजले. फट ३ मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. आईची काही ठिकाणी ५ भरली. मग बधिर करायचे इंजेक्शन देऊन मशीनने हिरडीखालचे किटणही काढले. मशीनचे टोक सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त वेळा थरथरते आणि त्यातून पाणी उडते. दोनदा जावे लागले. दुखले नाही, असे आई म्हणाली.

मशीनने दात ढिले होतात असे लोक म्हणतात. ते खरे नाही. फटीतले किटण निघाल्यामुळे मोकळे वाटते आणि काही दिवस थंड पाणी झिणझिणते.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. आईची डबी अजून फळीवर आहे, पण आता ती दिवसातून एकदाच लावते. तीपण बंद करा असे बाईंनी सांगितले आहे.

रक्त आले तरी ब्रश बंद करू नये. मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री हळू घासावे. मधुमेह असणाऱ्यांनी जास्त जपावे. आमचे भित्तिपत्रक वाचायला आलेल्या मावश्यांनो, काकांनो, दात हलेपर्यंत थांबू नका. रक्त दिसले की डॉक्टरांकडे जा.

— इयत्ता ४ थी