गाठी, बाटली आणि फ्रेंच फुलदाणी : साच्याचा पाठ



होळी-पाडव्याला आपल्या वऱ्हाडात लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या असतात. सगळ्या पदकांवर नक्षी सारखीच कशी? लाकडी साच्यात गरम पाक ओतला, तो थंड झाला अन् साच्याची नक्षी त्यावर उतरली. आजचा पाठ इथूनच सुरू करू.

फ्रान्समध्ये बाकारा हे गाव आहे. तिथे 1764 पासून काच बनते आणि 1816 पासून क्रिस्टल. एक-दोन फुलांपुरत्या लहान फुलदाण्या तिथे साच्यात घडवल्या जात. तापून मऊ झालेली काच साच्यात फुंकायची किंवा दट्ट्याने दाबायची. हाताने नक्षी कापायला फार वेळ लागे. साच्यामुळे तीच नक्षी पुन्हा पुन्हा काढता आली.

ओळखायची कशी?

- साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक उभी रेघ दिसते. कधी ती घासून पुसट केलेली असते.
- साच्यातल्या नक्षीच्या कडा बोथट लागतात, कापलेल्या नक्षीच्या धारदार.
- साध्या काचेपेक्षा क्रिस्टल वजनाला जड असते, कारण त्यात शिशाचे ऑक्साइड असते.

मुलांना हा प्रश्न जरूर विचारा : गाठी आणि क्रिस्टल, यात खरा स्फटिक कोणता? बहुतेक पोट्टे क्रिस्टल म्हणतील. उत्तर उलटं आहे! गाठीतल्या साखरेचे कण ठरावीक रचनेत बसतात, म्हणून ती स्फटिक. क्रिस्टल नावाचीच, तिच्यातले कण विस्कळीत असतात, म्हणजे ती काचच. नावावरून वस्तू ठरवू नये, हे मुलांना इथे छान समजतं.

आपल्याकडे : स्वदेशीच्या काळात माणशी वर्षाला एक पैसा जमवून पैसा फंड उभा राहिला. त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला आणि काचकाम शिकणारे कारागीर तयार झाले.

कृती : घरची औषधाची रिकामी बाटली धुऊन आणायला सांगा. रेघ बोटाने शोधू द्या. मग त्यात शेवंती नाहीतर गोकर्णाचं फूल ठेवा. महागडी फुलदाणी लागत नाही.

पालकांसाठी : घरात जुनं क्रिस्टलचं भांडं असेल तर ते फुलांपुरतंच ठेवा. त्यात सरबत, लोणचं साठवू नका; आंबट पदार्थात शिसं उतरतं, आणि लहान लेकरांना ते जास्त घातक असतं.