आधी जागा, मग आकडा

कामशेतमध्ये गच्चीच्या गळतीची कामं घेतो. एप्रिल लागला की पवनानगर, कार्ला, नाणे मावळातल्या बंगल्यांचे मालक मुंबईहून फोन करतात. प्रश्न एकच : "साधारण किती होतील?"

१. फोनवर आकडा सांगायचा नाही. गिऱ्हाईक 'साधारण' विसरतं, आकडा लक्षात ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ओल्या छताचा फोटो येतो. पाणी कोब्यातून मुरतंय की टाकीच्या पाइपातून, ते फोटोत कसं कळणार? टाकी रिकामी ठेवून चार दिवस डाग बघा म्हणतो. सुकला, तर आधी प्लंबर बोलवा.

२. बघायला जायचे पैसे घ्यायचे. काम मिळालं तर बिलातून वजा. गावातल्यांकडे मात्र चहावर भागतं.

३. कोटेशन कागदावर, तेही ओळीओळीनं. पंचवीस बाय बारा गच्ची म्हणजे ३०० चौरस फूट, तीन ब्रास. एवढ्यानं भागत नाही. जुना कोबा फोडणं, राडारोडा खाली उतरवून हलवणं, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, पाइपाकडे उतार, भिंतीच्या कडेनं गोलाई आणि शेवटी गच्चीत पाणी तुंबवून दोन दिवस चाचणी, हे सगळं वेगवेगळं लिहायचं. खाली 'यात धरलेलं नाही' : कठड्याच्या भेगा, आतलं प्लास्टर, रंग, जीएसटी. भांडणं होतात ती याच ओळींवरून, म्हणून त्या आधी वाचून दाखवतो. भाव पंधरा दिवसांपुरता. सिमेंट आपल्या ओळखीनं स्वस्त होत नाही.

४. "दुसरा निम्म्यात करतोय" म्हटल्यावर चिडायचं नाही, त्याचा कागद बघायला मागायचा. बहुतेक वेळा त्यात कोबा फोडायचा नसतो, वरून केमिकलचे दोन हात असतात. कोबा धड असेल तर तेवढं पुरतं, मीही तेच सुचवतो. पण खालून सुटलेल्या कोब्यावर ते मावळातल्या पावसात टिकत नाही. हातोडीनं ठोकून तो पोकळ आवाज मालकालाच ऐकवायचा. मग भावावरची घासाघीस बरीच कमी होते.

५. जुलैत भाव द्यावा, तारीख नाही. ताडपत्रीचे पैसे वेगळे.

६. "घरचंच काम आहे, तू बघून घे" म्हणणाऱ्यांना कागद सगळ्यात आधी द्यायचा. आमच्या मामांनी तो न वाचताच देव्हाऱ्यात ठेवला. ठेवू देत, सही त्याआधीच घेतली होती.