बाबांचं दुसरं लग्न आणि राहून गेलेले कागद

धोंडो केशव कर्वे १८९३ साली पुण्यात दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले, तेव्हा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ त्यांच्या पदरी होता. वधू गोदूबाई या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्न करायचं तर विधवेशीच, असं कर्व्यांनी ठरवलं आणि त्याबद्दल मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. आज विधुर वडिलांनी किंवा विधवा आईनं पुन्हा संसार मांडला, तर गाव असं उघड वाळीत टाकत नाही. नातेवाईक हार घेऊन येतात, फोटो काढतात. अडचण पुढे येते ती घरातच, आणि बहुतेक वेळा एखाद्या कागदापायी. आमच्या घरानं ती भोगली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आई कर्करोगानं गेली आणि घरात एका माणसापुरता कुकर लागू लागला. पुढे ज्येष्ठ नागरिक संघात त्यांची एका बाईंशी ओळख झाली. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. मावशींचे यजमान खासगी कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात. दोघंही वाचणारे, गाण्याची आवड असलेले. बाबा पुन्हा इस्त्रीचे शर्ट घालू लागले, तेव्हा घरातल्यांना काय ते कळलं.

मावशींनी आम्हा भावंडांना जिंकलं ते एका गोष्टीमुळे. त्या आईबद्दल विचारत. आईला काय आवडायचं, तिच्या हातचं कोणतं लोणचं बाबांना अजून आठवतं, हे सगळं. आईचा फोटो दिवाणखान्यातून हलवायचा नाही, हे आम्ही कुणी बोलायच्या आधी त्यांनीच सांगितलं. आईचं श्राद्ध नेहमीसारखं होत राहिलं आणि त्या दिवशी स्वयंपाक मावशी करत. त्यांना ‘आई’ म्हणा, असा आग्रह कुणी धरला नाही. ज्यांच्या घरी असं लग्न होऊ घातलंय, त्यांनी एवढं जरूर करावं. गेलेल्या माणसाची जागा कुणी घेतलेली नाही, हे मुलांना दिसलं की त्यांचं मन पुष्कळ मोकळं होतं.

लग्न देवळात झालं, मोजक्या माणसांत. नोंदणीचा विषय निघाला तेव्हा नात्यातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, “या वयात कशाला ते हेलपाटे? मनं जुळली, झालं.” सगळ्यांना ते पटलं. वास्तविक महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही २००६ साली सर्व विवाहांची नोंदणी व्हावी, असा आदेश दिलेला आहे.

बाबा अचानक गेले आणि मावशींच्या हातात काहीच उरलं नाही.

पहिल्या यजमानांच्या मागे त्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून, म्हणजे १९९५ च्या ईपीएस योजनेतून, पेन्शन मिळत होती. ही पेन्शन विधवेला मरेपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंतच मिळते. मावशींनी लग्न झाल्याचं प्रामाणिकपणे कळवलं आणि ती बंद झाली. इकडे बाबांच्या पेन्शनवर त्यांचा हक्क होता. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातल्या जोडीदारालाही कुटुंब निवृत्तिवेतनातून वगळता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच दिला आहे. पण पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, नाव आईचंच होतं. मावशींचं नाव घालायचं तर विवाहाचं प्रमाणपत्र लागतं, तेच नव्हतं. मग देवळातले फोटो, गुरुजींचा जबाब, बँकेचं जोडखातं, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करत फिरावं लागलं. पेन्शन अखेर सुरू झाली, पण मधला सगळा काळ एका मानी बाईला स्वतःच्या मुलाकडून औषधांचे पैसे मागावे लागले. त्याचं दुःख मला आजही आहे.

पुनर्विवाह केला की पेन्शन बंद, या नियमाच्या धास्तीनं अनेक विधवा लग्नच टाळतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या विधवांची संख्या विधुरांच्या तिपटीहून जास्त होती. पुरुष पुन्हा लग्न करतो, बाई करत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथांविरुद्ध ठराव केला तो २०२२ साली. ही गोष्ट किती अलीकडची! पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, तिथला रस्ता काहींना सोयीचा वाटतो. तो निवडणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. मात्र अशा नात्यातल्या स्त्रीला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याचा आधार मिळू शकत असला, तरी जोडीदाराच्या मागे वारसा मिळत नाही. तिच्यासाठी मृत्युपत्र हाच खरा आधार.

घराची गोष्ट आणखी नाजूक. फ्लॅट बाबांच्या नावावर आणि मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा, म्हणजे मावशींचा एक तृतीयांश. भाऊ अस्वस्थ झाला. लोकांनी त्याला लोभी म्हटलं, पण त्याची भीती निराधार नव्हती. स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी तिच्या पोटच्या मुलांना आणि नवऱ्याला मिळते. सावत्र मुलगा त्या ‘मुलगा’ शब्दात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली स्पष्ट केलं आहे. आई-बाबांनी मिळून हप्ते फेडलेल्या घराचा हिस्सा उद्या मावशींच्या मुलाकडे गेला असता. त्यात मावशींचा काय दोष? आणि भावाचा तरी काय?

यावर उपाय आहे, पण तो माणूस हयात असतानाच करता येतो. पत्नीला त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर घर मुलांना, असं मृत्युपत्र वडील करू शकतात. शब्दरचना जाणत्या वकिलाकडूनच करून घ्यावी. वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे ढिसाळपणे लिहिलेला मर्यादित हक्क काही वेळा पूर्ण मालकीचा ठरतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हिंदू व्यक्तीनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिचं जुनं मृत्युपत्र रद्द होत नाही. पहिल्या पत्नीच्या काळात केलेलं मृत्युपत्र कपाटात असेल, तर नवी पत्नी त्यात कुठेच नसते.

विधवा आई पुन्हा लग्न करत असेल, तर मुलांनी आणि दिरांनीही एक लक्षात ठेवावं. नवऱ्याच्या मागे तिला वारशानं मिळालेला वाटा पुनर्विवाहामुळे जात नाही. तो काढून घेणारा नियम १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यात होता. आज तो लागू नाही. “लग्न करायचं तर हक्कसोड कर,” असं सांगून तिच्याकडून सही घेऊ पाहणाऱ्यांना हे ऐकवावं. आणि “आधी घर मुलांच्या नावावर करा, मग लग्न करा,” असं कुणी वडिलांना सांगत असेल, तर त्यांनी बक्षीसपत्रावर सही करू नये. करायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्यावी. ती अट असेल आणि पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

आमच्या घरी शेवटी दोन्हीकडची मुलं एकत्र बसली, आणि मावशी आज त्याच फ्लॅटमध्ये राहतात. पण ही बैठक बाबा असताना व्हायला हवी होती. तुमच्या आईला किंवा वडिलांना कुणी भेटलं असेल, तर आनंदानं लग्न लावून द्या, त्याच महिन्यात विवाहनोंदणी करा, पीपीओत नाव घालायचा अर्ज त्यांच्या शेवटच्या कार्यालयाकडे द्या, बँक आणि सोसायटीतलं नामांकन बदला आणि मृत्युपत्राची गोष्ट दोन्हीकडच्या मुलांसमोर बोला.