मानसशास्त्र नव्याने शिकताना: काय करावे, काय टाळावे

अकरावीत किंवा एफवायला मानसशास्त्र घेतले की पहिल्याच महिन्यात मुलांच्या तोंडी नवे शब्द येतात. मग घरी आई, भाऊ, मैत्रीण जो समोर येईल त्याला ते चिकटवले जातात. विद्यार्थ्यांना माझे एकच कळकळीचे सांगणे असते: आधी वर्तन नीट पाहा, मग त्याला नाव द्या.

काय करावे

- अभिसंधानाची सुरुवात चिंचेपासून करा. चिंचेचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते. ज्याने चिंच कधी चाखलीच नाही, त्याला सुटणार नाही. चिंचेची चव हा अनभिसंधित उद्दीपक, तिचे नाव हा अभिसंधित. एवढे उमगले की पाव्हलॉव्ह यांचा कुत्र्यांवरचा प्रयोग पाठ करावा लागत नाही. पाव्हलॉव्ह मुळात पचनक्रियेचे अभ्यासक होते. 1904 चे नोबेलही त्यांना त्याच कामासाठी मिळाले.

- प्रबलन म्हटले की 'कोणाचे वर्तन वाढले?' हे विचारा. दुकानात मूल चॉकलेटसाठी भोकाड पसरते. चारचौघांत लाज वाटून आई चॉकलेट देते आणि मूल गप्प होते. रडून हवे ते मिळाले, म्हणून मूल पुढच्या वेळीही रडेल. हे धन प्रबलन. चॉकलेट देताच रडे थांबले, म्हणून आईही पुढच्या वेळी लवकर देईल. हे ऋण प्रबलन. एकाच प्रसंगात दोघेही शिकले.

- पियाजे यांचा प्रयोग घरीच करून पाहा. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी ओता. त्याच्या देखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता. 'कशात जास्त?' असे विचारले की बहुतेक मुले उंच ग्लास दाखवतात. चूक सुधारू नका, 'का रे?' एवढेच विचारा. त्याच्या उत्तरात बालकाची विचारपद्धती दिसते.

- वाचून झाले की पुस्तक मिटा आणि आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

- गट पाडून लक्षात ठेवा. आपण मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांत सांगतो, तेच तत्त्व. अल्पकालीन स्मरणाची मर्यादा मिलर यांनी 1956 मध्ये सात, दोन कमी-जास्त, अशी मांडली होती. त्यात आकडेच नव्हे, गटही मोजले जातात.

काय टाळावे

- ऋण प्रबलनाला शिक्षा समजू नका. परीक्षेत इथे अनेकांचे गुण जातात. सीटबेल्ट लावला की गाडीची पीं-पीं थांबते आणि बेल्ट लावण्याची सवय वाढते. ऋण म्हणजे नकोसे काहीतरी दूर होणे. प्रबलनाने वर्तन वाढते, शिक्षेने कमी होते.

- सहसंबंधाला कारण म्हणू नका. मे महिन्यात उसाचा रस जास्त खपतो आणि उष्माघाताचे रुग्णही वाढतात. रसामुळे उष्माघात होत नाही. दोन्हींमागे ऊनच असते.

- मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड, असे धरून चालू नका. हा विषय प्रयोगशाळेतही घडला: वुंट यांनी लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली ती 1879 मध्ये. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग 1916 मध्ये सुरू झाला. निरीक्षण आणि प्रयोग हाच या विषयाचा कणा आहे.

- कोणाला घाबरवून प्रयोग करू नका. वॉटसन आणि रेनर यांनी 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अल्बर्ट नावाच्या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली. ती घालवण्याआधीच तो तिथून गेला. आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणार नाही. पाण्याच्या पेल्यांचा साधा खेळसुद्धा पालकांना विचारून करा आणि मूल कंटाळले की थांबवा.

- निदान करू नका. बहीण कपाट नीट लावते म्हणून तिला ओसीडी आहे, असे ठरत नाही. मित्र चार दिवस गप्प आहे म्हणून लगेच 'डिप्रेशन' म्हणू नका, पण त्याच्याकडे दुर्लक्षही करू नका. शेजारी बसा, काय झाले ते विचारा, मध्ये न बोलता ऐकून घ्या. गरज वाटली तर घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्याला द्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एवढे केले तरी त्या मित्राला मोठा आधार मिळतो.