९५ ला उकळणारं पाणी

माझा मावसभाऊ डेन्व्हरला घरी बिअर बनवतो. (सर, मी चाखलेली नाही!) नवा डिजिटल थर्मामीटर त्याने उकळत्या पाण्यात बुडवला, तर रीडिंग ९५ अंश. ‘कमी दाखवतो’ म्हणून तो दरवेळी ५ मिळवू लागला. माल्ट ६७ ला भिजतंय असं त्याला वाटे, प्रत्यक्षात ६२! तिथे बीटा अमायलेज एन्झाइम यीस्टला पचणारी साखर जास्त बनवतं, यीस्ट ती फस्त करतं. दोन बॅच पाणचट. अहो, डेन्व्हरची उंची १६०० मीटर. पाणी ९५ लाच उकळणार. आपल्या पुण्यातसुद्धा ९८ ला उकळतं. मी फोनवर म्हटलं, "दादा, बर्फ चुरून थोडं पाणी घाल, ढवळत राहा, मग बघ." बरोबर ० आला. फक्त प्रोबच्या जोडात पाणी शिरू देऊ नकोस म्हटलं, नाहीतर खरंच चुकायला लागेल.