चोर बीटीला परवानगी का नाही?

प्रश्न : तणनाशक फवारलं तरी न जळणारं कापसाचं बियाणं आमच्या भागात दर हंगामाला बिनबोभाट मिळतं. लोक त्याला चोर बीटी म्हणतात. सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली, मग याला का नाही? आणि ही परवानगी देतं तरी कोण?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बीटीची परवानगी तुमच्या पाकिटातल्या बियाण्याला लागू होत नाही. मार्च 2002 मध्ये मंजुरी मिळाली ती बोंडअळीला मारणाऱ्या जनुकाला. चोर बीटीत ग्लायफोसेट हे तणनाशक सोसण्याचं आणखी एक जनुक असतं. जनुक नवं, की तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

परवानगीचा अधिकार कृषी खात्याकडे असेल असं बहुतेकांना वाटतं, पण तो आहे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 साली नियम झाले, त्यांनुसार हे काम चालतं. आधी संशोधन करणाऱ्या संस्थेतली जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि शेवटी मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती. शेतातल्या चाचण्याही टप्प्याटप्प्याने होतात आणि त्यांना राज्याचं ना हरकत पत्र लागतं. परागकण शेजारच्या पिकात किती जातात, सरकी खाणाऱ्या जनावरांवर काय परिणाम होतो, मधमाश्यांचं काय होतं, हे सगळं त्यात पाहिलं जातं.

एवढं होऊनही समितीचा होकार म्हणजे अंतिम निकाल नव्हे. बीटी वांग्याला समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी देशभर जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात झाली, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये वांगं थांबवलं. बांगलादेशाने तेच वांगं 2013 साली मंजूर केलं. जनुकीय बदल केलेल्या (जीएम) मोहरीला 2022 मध्ये मान्यता मिळाली, पण त्या मान्यतेवर जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली.

सावध राहण्यात गैर काही नाही. पण वर्षानुवर्षं ना होकार ना नकार, हे मला शेतकऱ्यावर अन्यायकारक वाटतं. निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, ही त्याची अडचण कोणत्याही समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही. म्हणून तर जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं सर्वांसमक्ष पेरून दाखवलं.

मंजुरीनंतरचा ढिसाळपणा तर त्याहून वाईट. पूर्वी बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची. ती कडेने लावायची, म्हणजे अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावरच पडून राहिली. पुडी कशासाठी, हे शेतात येऊन सांगणारं कोणी फारसं नव्हतंच. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली, त्याची इतरही कारणं आहेत, पण हे एक नक्कीच.

तुम्हाला सल्ला एवढाच : मंजुरीच्या वादात तुमचं मत काहीही असो, बिनबिलाचं पाकीट घेऊ नका. ते उगवलं नाही तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून घेतलं असेल, तर पक्कं बिल, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागता येतो, आणि तो मोड आलेली-न आलेली रोपं शेतात दिसत असतानाच करून घ्यावा.