वसतिगृहातील दादागिरी आणि पवारणेची परंपरा

शाळांच्या स्मरणिका चाळताना माजी विद्यार्थ्यांच्या लेखांत वरच्या वर्गातील ‘दादां’चे किस्से हमखास आढळतात. पाचवीत आलेल्या मुलाने दादांचे कपडे धुवायचे, पहाटे नळावर त्यांच्या बादलीसाठी नंबर लावायचा, घरून आलेले लाडू त्यांच्या स्वाधीन करायचे. हे सारे हसत सांगितले जाते आणि ‘त्यातूनच आम्ही घडलो’ असा समारोप होतो. जे घडले ते लिहितात. जो मुलगा सहामाहीच्या सुटीला गावी गेला आणि परतलाच नाही, त्याचा लेख कोणत्याही स्मरणिकेत नसतो.

दादागिरी आणि भांडण यांत फरक केला पाहिजे. भांडणात दोन्ही बाजूंचे बळ साधारण सारखे असते आणि ते मिटते. दादागिरीत वय, शरीर, संख्या किंवा जात यांच्या जोरावर एक बाजू वरचढ असते, त्रास पुन्हा पुन्हा दिला जातो आणि सोसणाऱ्याला त्यातून सुटता येत नाही. गावातल्या शाळेतील मुलाला निदान संध्याकाळी घर असते. निवासी शाळेत छळणारा आणि छळला जाणारा एकाच खोलीत झोपतात.

साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई हजर नसला तर त्यांना पाणी मिळत नसे. हा नियम वर्गातील मुलांनी केला नव्हता, शाळेने तो चालू दिला होता. मुले तुच्छता घरून, गल्लीतून शिकून येतात; शाळा गप्प राहिली की त्या तुच्छतेला मान्यता मिळते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे मिळून उठत नाहीत. वसतिगृहातील दादागिरी याच रीतीने टिकते. आज कपडे धुणारा सहावीत गेला की नव्याने आलेल्याकडून धुवून घेतो आणि त्याला तो आपला हक्क वाटतो. आपल्या संस्था यातून आपोआप मुक्त आहेत असे कोणी समजू नये. रोज पंचशील म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडीही पारधी किंवा कोलाम मुलाच्या बोलीची नक्कल येऊ शकते. आम्हांला ती साध्या खोडीपेक्षा गंभीर वाटते.

या प्रश्नावर विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग फार उपयोगी आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी कलह होऊ नये म्हणून वर्षावासाचे तीन महिने परस्परांशी न बोलता काढले आणि मोठ्या समाधानाने ते तथागतांना सांगितले. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हे पशूंसारखे राहणे झाले, असे म्हणून त्यांना दोष दिला. त्या वेळी त्यांनी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघाला विनंती करायची, की माझ्याकडून घडलेले जे काही पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली, ते मला सांगा. ही विनंती ज्येष्ठ भिक्खूने प्रथम करायची असते, उकिडवे बसून, हात जोडून. ज्येष्ठत्वाचा इतका वेगळा अर्थ आमच्या वाचनात अन्यत्र क्वचितच आला.

आपल्या शाळांची रीत नेमकी उलटी आहे. लहान मुलाने तक्रार घेऊन कार्यालयात यावे अशी आपण अपेक्षा करतो. तो येत नाही, कारण रात्री त्याला त्याच खोलीत जायचे असते. विचारण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. तक्रार आल्यावर दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावण्याची घाईही करू नये. ती पद्धत समान बळाच्या भांडणाला शोभते. आधी लहान मुलाचे एकट्याचे ऐकावे, त्याच रात्री झोपण्याची व्यवस्था बदलावी आणि पाहणाऱ्या मुलांना स्वतंत्रपणे विचारावे. खोलीतल्या बहुतेकांना सर्व ठाऊक असते.

छळणाऱ्याला छडीने झोडपणे हा उपाय नाही. श्रावस्तीजवळ काठ्यांनी सापाला मारणारी मुले तथागतांना दिसली, तेव्हा त्यांनी स्वतः काठी उचलली नाही. स्वतःसाठी सुख इच्छिणाऱ्याने दुसऱ्याला पीडा देऊ नये, हे समजावले. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले आहेत. मात्र समजावणे म्हणजे प्रकरण दडपणे नव्हे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा वसतिगृहांनाही लागू आहे आणि तक्रारीची सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते; संस्थेचे नाव खराब होईल ही सबब तेथे चालत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक मुलांना पाठ असावा, आणि तो लावता येईल असा दूरध्वनीही त्यांच्या हाताशी असावा.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुले दिवाळीच्या सुटीला घरी जातात आणि परत यायचे की नाही हे काहींच्या मनात तेव्हाच ठरते. त्या पौर्णिमेची संध्याकाळ पवारणेसाठी राखून ठेवावी. अधीक्षक, शिक्षक आणि दहावीची मुले यांनी पाचवीच्या मुलांसमोर बसून विचारावे. समोर बोलण्याचा धीर नसेल त्याला नाव न घालता चिठ्ठी टाकता यावी, आणि त्या चिठ्ठ्या वसतिगृहाशी संबंध नसलेल्या एखाद्या शिक्षिकेने उघडाव्यात.